पेचकस

वहाबमिस्त्री बेअरिंग ऐकायचे.
पेचकसाचं टोक हाउसिंगवर, मूठ कानामागच्या हाडाशी,
डोळे मिटलेले.
भोवती चोवीस जिनं ओरडत असायची,
सरकी पत्र्यावर सडासडा पडायची,
भुवयांवर रुईचा फुफाटा.
"तिसऱ्या मशीनची गोटी फुटली. सांजेलोक नाई टिकत."
सांजेला खोललं की निघायची
बासष्ट-शून्य-पाच,
पिंजऱ्यातली एकच गोटी टवका गेलेली.

मी शिकाऊ. त्या शेडमधली आयटीआयची पहिली पोरगी.
बोटानं ग्रीस भरायला त्यांनीच शिकवलं:
"पुरी नोको भरू, बेटा. तिलेबी श्वास लागते."
एका डिसेंबरात एक कोरडी बेअरिंग लाल झाली
आणि पार आर्वीच्या रस्त्यावरून दिसला
आमचा कापूस, जळताना.
त्यांच्या डाव्या मनगटावर तो डिसेंबर अजून आहे.

नऊ वर्षांनी एसटीतून मांडीवर आणलं एक खोकं.
त्यांच्या पडवीत, स्टुलावर ठेवलं.
वरवंट्याएवढा आडवा दांडा, भोवती तांब्याचे वेढे.
बटण दाबलं.
दांडा टक् करून उचलला गेला
आणि राहिला तसाच, कशालाही न टेकता.
बोटानं गरकन फिरवला.
चहा उकळला, गाळला, पिऊन झाला,
तो फिरतोच.

मिस्त्रींनी खिळ्यावरचा पेचकस काढला. टेकवला.
बराच वेळ.
"काईच नाई."
मग जरा दुखावल्यासारखं:
"मंग खराब झाली हे समजन कसं?"

म्हटलं, आत डोळे बसवलेत चाचा.
सेकंदाला दहा हजार वेळा बघतात
दांडा कुठे सरकला.
केसाच्या दहाव्या हिश्शानं खाली झुकला
तरी वरच्या वेढ्यात करंट वाढतो.
चुंबकाला ओढणंच येतं, आधार देणं येत नाही.
जवळ गेलेल्याला तो आणखी जोरात ओढतो,
मोकळा सोडला तर चिकटूनच बसेल.
म्हणून वरून ओढायचं, खालून ओढायचं,
आणि फार जवळ येतोय म्हटलं
की हात सैल करायचा.
फट अर्ध्या मिलिमीटरची.
सगळी हुशारी त्या फटीची.

"म्हंजे बैलजोडी. दोन्ही कासरे हाती."
थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले,
"नाई. बैलाले थांबता येते."

लावतात कुठे, विचारलं.
गॅसच्या पाइपलाइनवर, जिथे तेल घालायला माणूस नसतो.
मोबाइलच्या चिपा बनतात तिथल्या पंपात,
तेलाचा एक वाफारा गेला तर सगळा माल वाया.
शहरांच्या सांडपाण्यात हवा फुंकणाऱ्या ब्लोअरमध्ये,
तेच मी जोडते.
आणि एक पंप असतो मुठीएवढा, माणसाच्या छातीत,
रक्त पुढे ढकलतो.
तिथे ग्रीस कोण भरणार?
त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला,
विडीच्या बंडलावर,
आणि तसाच परत आला.

"अन् लाईन गेली तं?"

मी उत्तर जुळवत होते
तेवढ्यात गेलीच.
डोक्यावरचा पंखा रेंगाळला.
दांडा पडला. अर्ध्या मिलिमीटरवरून,
पण काय आवाज!
खण्ण, मग खरखर, खरखर,
त्या दुपारी पडवीत पहिल्यांदाच
काहीतरी ओळखीचं.

पेचकस पुन्हा कानाशी. डोळे मिटलेले.
"गोट्या आहेत."
"आहेत. दोन्ही टोकांना. एरवी नुसत्या बसून असतात,
दांड्याला शिवतही नाहीत. पडला तर झेलायला."
"ग्रीस?"
"नाही घालत. चारदा झेललं की बदलायच्या."
यावर ते काही बोलले नाहीत.
खरखर हळू होत गेली,
मी ऐकू येईनाशी झाली तरी
ते ऐकत होते.

"साठ-शून्य-शून्य," ते म्हणाले.

साठ-शून्य-एक होती.
मी मान हलवली,
खोक्याचं झाकण शोधू लागले.