अजून उजेड आहे

काल संध्याकाळी मी त्यांना विचारलं,
उद्या कुठे जायचं?
फिरमँ जाकेमोत, वय एकाहत्तर,
सेरँच्या पोलाद कारखान्यात छत्तीस वर्षं भट्टीपुढे,
गळ्यात डावीकडे लिंबाएवढी गाठ.
बाकीचे समुद्र सांगतात, लेकीचं लग्न सांगतात,
एक बाई म्हणाली होती, इस्त्री करताना लावलेला रेडिओ.
हे म्हणाले, माळ्यावर. कबुतरांत.
जुलैतला रविवार.
मी लिहून घेतलं.
पुढचं विचारायला हवं होतं.

आज लिएजवर धुकं, नदी दिसत नाही.
आत दिवे मंद, दारावर कोलेतने चिकटवलेला कागद:
हळू बोला.
भूल द्यायचं यंत्र कोपऱ्यात
रुसलेल्या जावयासारखं उभं.
कातडीपुरतं बधिर करणारं औषध टोचून झालंय,
उरलेलं सगळं माझ्या आवाजावर.
वीस वर्षांत एवढं शिकले की
'दुखणार नाही' असं म्हणायचं नसतं.
तिथवर पोचेतो त्यातलं 'नाही' गळून पडतं,
'दुखणं' तेवढं पोचतं.

म्हणून मी म्हणते, जिना.
लाकडी. तेरा पायऱ्या, सातवी कुरकुरते.
वर भुशाचा वास, पिसांची धूळ,
खिडकीतून खाणींचे जुने काळे ढिगारे,
त्यांच्यावर आता बर्चची झाडं.
त्यांच्या पापण्यांखाली बुबुळं वर चढतात.
डॉक्टर बेनोआ पहिली रेघ ओढतात.
नाडी अठ्ठावन्न.

चिमटे एकमेकांवर आपटतात, खळ्.
मी म्हणते, डब्यात मक्याचे दाणे.
त्यांची उजवी तर्जनी किंचित हलते,
हा आमचा ठरलेला होकार.
जळक्या मांसाचा वास येतो.
मी काही म्हणायच्या आत ते स्वतःच, ओठांतल्या ओठांत:
शेजारच्यांची चूल.

पाऊण तास असा गेला.
मग डॉक्टरांनी हात थांबवला,
स्वराची नस सापडली होती, ओल्या दोऱ्याएवढी.
बोलतं करा त्यांना.
फिरमँ, काय दिसतंय?
आकाश.
आणि?
काही नाही. ब्लूएत आलेली नाही.
लिमोजहून पहाटे सोडलीय. बाकीच्यांची आली.
नाडी त्र्याऐंशी.

तेव्हा कळलं, हा कुठला रविवार आहे ते.

मला ती आणता आली असती.
एक वाक्य पुरलं असतं: ती बघा, छपरावर उतरली.
राखाडी-निळी, पायात कडं, पंख अर्धे मिटलेले.
कोलेत माझ्याकडे बघत होती,
तिचा हात यंत्राच्या दिशेनं थोडा सरकलेला.
पण तो माळा त्यांचा.
तिथला प्रत्येक खिळा त्यांनी ठोकलेला,
आणि मी कालची पाहुणी.
नव्याण्णव.

मी विचारलं,
त्या दिवशी किती वेळ थांबला होतात?

बराच वेळ फक्त शोषनळीची घरघर.

अंधार पडेपर्यंत.

अजून उजेड आहे, फिरमँ.
मीही थांबते.

हो, म्हणाले. स्पष्ट. गळा उघडा असताना.
डॉक्टरांनी मान हलवली, नस शाबूत.
मग आम्ही दोघं थांबलो.
मी काही सुचवलं नाही,
फक्त मधूनमधून सांगत राहिले की ऊन कुठवर आलंय:
कौलांवर. धुराड्यावर. बर्चच्या शेंड्यांवर.
नाडी एकोणसत्तर.
गाठ बशीत पडली तेव्हा
उन्हं शेंड्यांवरच होती. मी ती उतरू दिली नव्हती.

दुपारी खाटेवर बसून गार कॉफी पीत होते,
गळ्याला पांढरी पट्टी.
घोगऱ्या आवाजात म्हणाले, दुखलं थोडं.
कुठे?
त्यांनी गळ्याला हात लावला नाही.
खिडकीबाहेर बघत म्हणाले,
घड्याळ त्या रात्री मी बंदच केलं नव्हतं.
सकाळी बायकोनं केलं.

घरी जाताना पुलावर गाडी थांबवली.
धुकं विरलं होतं.
साडेपाच वाजलेले, नोव्हेंबर,
उजेड कसला, उरलासुरला.
तरी मान वर करून बघत राहिले,
मागून कोणी हॉर्न देईपर्यंत.