पोस्टकार्ड साइज

आमच्या खानदेशात समुद्र एकच होता,
वरणगावात, बाबांच्या स्टुडिओत,
नऊ फूट बाय सात.
बुऱ्हाणपूरच्या युसुफ पेंटरनं
कॅलेंडरवर बघून रंगवलेला.
त्यानंही पाहिला नव्हता कधी.
दोन माड, शिडाची एक नाव,
मधोमध सूर्य,
उगवतोय की बुडतोय, कुणी विचारलं नाही.
लग्न झालं की जोडपी यायची हळदीच्या अंगानं
आणि त्या किनाऱ्यावर
श्वास रोखून उभी राहायची.

मी मात्र पहाटे साडेपाचला
हतनूरच्या फुगवट्यावर.
मोटारसायकल केळीच्या बागेशी लावलेली,
बोटं बधिर, लेन्सवर दव,
ट्रायपॉडचा एक पाय चिखलात घोट्यापर्यंत.
लांब कुठे मालगाडी लागली होती जायला,
ती बराच वेळ जातच राहिली.

पाणी आधी उजळलं, आभाळ नंतर.
चक्रवाकांचा थवा
बोलाचाली झाल्यासारखा उठला
नि पलीकडे जाऊन बसला.
आणि नेमकी त्या तांबड्या पट्ट्यात
आली पत्र्याची एक नाव,
तीत उभा माणूस, बांबू टेकवत.
मला हवं होतं तेच. अगदी तेच.
सूर्य त्याच्या कोपरात. क्लिक.
सूर्य बांबूच्या टोकाला. क्लिक.
एकशे बारा वेळा.

नाव काठाला लागली. सुपडू भोई.
जाळ्यात दोन रोहू, मूठभर चिंगळ्या,
एक प्लास्टिकची चप्पल.
तो स्क्रीनवर वाकला, वाकूनच राहिला.
"नाव माहीच हाये.
पन हा कोन? याले तोंडच नाई."

मी म्हटलं, असंच काढतात,
उजेड मागे ठेवून. बक्षिसं मिळतात.
"मियत असतीन," म्हणाला,
आणि चप्पल पाण्यात परत टाकता टाकता थांबला.
"तू वरनगावच्या फोटोवाल्याचा ना?
तुह्या बापानं काढेल आमचा जोडीचा.
समिंदराजोळ. सुर्व्या दोघाइच्या मधात.
वाळवी लागली मंग फ्रेमीले.
कौतिका राह्यली तिच्या कडंले,
मले खाऊन टाकलं,
पार अर्ध्या सुर्व्यापर्यंत."
जाळं झटकलं. खवले उडाले.
"तिले जाऊन नऊ वर्सं झाले.
तेवढाच काढून दे, पोस्टकार्ड.
फ्रेम तीच हाये."

मग मी त्याला फिरवला, पूर्वेकडं तोंड करून.
त्यानं टोपी सारखी केली,
तापीच्या पाण्यानं मिशी बसवली.
त्याच्या मागे काढण्यासारखं काहीच नव्हतं:
धरणाचे दरवाजे, दीपनगरचा धूर,
माझी मोटारसायकल.
ऊन सरळ तोंडावर. मी म्हटलं,
बाबा, डोळे मिटू नका.
"म्या तव्हाबी नव्हते मिटले," तो म्हणाला.
"लय मोठा लाइट व्हता.
ती मिटून बसली व्हती."

दुकानामागच्या बोळात
पडदा दहा वर्षं जनरेटरवर घातलेला.
ओढून काढला. दोन पाली पळाल्या.
एक माड गेलाय. नावेवर डिझेलचा डाग,
जिथे पाणी होतं तिथे कुणीतरी
चपला पुसल्यात.
सूर्य आहे. कडेनं पोपडे धरलेत, पण आहे.
सुपडूच्या बाजूची अर्धी
पट्टीनं मोजून घेतली,
ट्रायपॉड लावला,
त्याच्या पायाला अजून चिखल होता,
आणि दुपारी दोन वाजता,
शटर अर्धं खाली ओढून,
सूर्य काढला.