डावा पंख

सातपूरला, मोटार-वाइंडिंगच्या बंद शेडमध्ये
आम्ही पडदा लावला. भिंतींना अजून वार्निशचा वास.
तस्नीम लॅपटॉपमागे, मी पडद्यापुढे,
मध्ये स्टुलावर कॅमेरा,
टेकू म्हणून खाली आयटीआयची दोन जाड पुस्तकं.

"या, पुढे या, हात हलवा," मी म्हणायचे,
दिवसातून साठ वेळा तरी.
"तुम्ही हलाल तसं चित्र.
आधी काढून ठेवलेलं काही नाही,
आत्ता, तुमच्यादेखत, यंत्र ते काढतंय."

अर्ध्या सेकंदाचा उशीर आहे
हे सांगायचं मी टाळायचे.
पोरांना लगेच कळायचं:
हात खाली येऊन गेल्यावर
पडद्यावर लाट उठायची.
एक मुलगी तर त्या उशिराशीच खेळत राहिली,
टाळी वाजवून पळायची
आणि दारातून वळून बघायची
मागे काय फुटलं ते.

गोदाकाठ आम्ही शब्दांतच भरवला होता त्याला.
त्यानं घाट दिला,
पण पायऱ्या पाण्यात उतरेनात,
वर ढगातच चढत गेल्या.
दुतोंड्या मारुती लिहिला तर
तिसरं तोंड काढलं, तेही हसरं.
सगळे हसले. एक बाई हसल्या नाहीत.
"मग पूर कुठवर आला ते कशावरून बघायचं?"
खरंच होतं. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी,
शहराची पट्टीच ती.
तस्नीमनं मारुती पुसला,
नुसतं 'पाणी' ठेवलं.

तिसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर,
मुरलीधर गांगुर्डे आले.
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं तपासणीला.
आले आणि उभे राहिले. हलेचनात.
पडद्यावर नुसत्या राखाडी मुंग्या.

"काका, हात हलवा ना."
"काय हलवू?"
"काहीही. रोज करायचात ते."

त्यांनी आधी चष्मा पुसला.
मग अंगठा ओला केला,
हवेतला एक कोपरा चिमटीत धरला
आणि ताव उलटला.
पुन्हा.
पुन्हा.
मान जागची हलली नाही, फक्त मनगट,
आणि पडद्यावर बगळे,
एकेका तावाला एकेक,
नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पहाटे
चिखलातून उठतात तसे,
शेडभर पांढरे.
पुढचं काय बोलायचं ते मी विसरले.

"थांब. मघाचा तो परत आण."
कोणता?
"चौथा. डाव्या पंखात गडबड होती."

परत येत नाही काका, मी म्हटलं,
आम्ही साठवत नाही. आलं ते गेलं.
दर वेळी वेगळं, तीच तर गंमत.

"वेगळं," ते म्हणाले,
कुणी दुखण्याचं नाव घ्यावं तसं.
"वेगळं दिसलं की बाजूला काढायचं,
एवढंच केलं मी जन्मभर.
आता सगळेच वेगळे म्हटल्यावर
चुकलेला कोणता, ते कोण ठरवतं तुमच्यात?"

तस्नीमनं माझ्याकडे बघितलं.
प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"जाळायचा कागदसुद्धा
आधी वहीत चढवायचो आम्ही."
रागानं नाही.
शेजारच्या पोराला
सायकलची उतरलेली चेन बसवून दाखवावी तसं.

रात्री वायरी गुंडाळताना
अभिप्रायाची वही हाताला लागली.
छान. मस्त. एक नंबर. कुणीतरी काढलेलं रॉकेट.
त्याखाली पट्टीनं आखलेली रेघ,
निळी शाई, अक्षर लावून ठेवल्यासारखं:

सायं. ६.४०. बगळा, क्र. ४.
डावा पंख सदोष, तीन पिसं उलटी.
उडाला.
मु. रा. गांगुर्डे

आणि शेजारी, शिक्क्यापुरती
सोडलेली जागा.