शेंदरी कव्हर

पहिल्या कव्हरला एकच रंग परवडला.
चार रंगांचे पैसे दिनारच्या भावासारखे
हातात येईपर्यंत वितळले,
तेव्हा माझी बहीण ओर्नेला
गोदीतून एक डबा घेऊन आली:
जहाजाच्या बुडाला गंज धरू नये म्हणून
फासतात, तो शेंदूर.
आंघोळीच्या टबात जाळीचा छापा,
दारामागे दोरीवर वाळणारी तीनशे कव्हरं,
आणि आई म्हणे, आता अंग कुठे धुवायचं, बंदरात?

मी चौदा वर्षांचा. गोंदाचं खातं माझ्याकडे.
बँडचं नाव ‘पाचवा धक्का’,
बोटीला लागतो तो, आणि माणसाला बसतो तोही.
पहिली बाजू बावीस मिनिटं,
त्यात प्रेम एकदाही नाही.
एक गाणं आमच्या इमारतीच्या लिफ्टवर,
जी सातव्यावर थांबायची नाही.
एक कागद गिरणीच्या भोंग्यावर.
एक दातांच्या दवाखान्यातल्या रांगेवर:
‘पुढचा, पुढचा, पुढचा, उघडा’,
तेवढेच शब्द, अडीच मिनिटं,
आणि लिव्हिओचा आवाज असा
की दाढ त्याचीच उपटतायत.

सिंथेसायझर उसना.
ओपातियाच्या हॉटेलात जर्मन पर्यटकांपुढे
वॉल्ट्झ वाजवणाऱ्या रुजिच मास्तरांचा.
शनिवारी सहाच्या आत परत करायचा,
म्हणून दुसऱ्या बाजूची सगळी गाणी धावतात.
पुढे समीक्षकांनी त्या धावण्याला
‘शहरी अस्वस्थता’ असं नाव दिलं.

ड्रम्सवर तिहोमीर. आम्ही तिहो म्हणायचो;
आमच्याकडे तिहो म्हणजे हळू, आवाज न करता.

दुसऱ्या कव्हरवर बँड नाहीच.
काळापांढरा फोटो: खिडकीत तिहोची आई आंजेल्का,
केसांत रोलर, तोंडात दोन चिमटे,
दोरीवर एक सदरा,
भोवती काँक्रीटचे चौदा मजले.
ओर्नेलाने समोरच्या गच्चीवरून काढला, न विचारता.
अकरा हजार प्रती खपल्या.
‘अकरा हजार घरांत मी रोलर लावून!’
वर्षभर तिने ओर्नेलाला कॉफी विचारली नाही.
पण पावाच्या रांगेत कुणी ओळखलं
तर मान जरा तिरकी करायची,
फोटोतल्यासारखी.

मग तिहोला सैन्याचं बोलावणं आलं.
तिसऱ्या कव्हरसाठी तिघंच उभे राहिले
आणि चौथ्याची जागा ओर्नेलाने
ब्लेडनं कापून काढली:
खांदे, कान, एका हातात काठ्या.
आतल्या पाकिटावर समुद्र छापलेला,
तो त्या भोकातून दिसायचा.
पाचशे आम्ही हातानं कापली.
माझ्या अंगठ्यावर खूण आहे अजून.
मग कंपनी म्हणाली, पुरे,
बाकीच्यांवर काळा ठसा मारा.

त्याच हिवाळ्यात, डोंगरावरून बुरा वारा उतरून
तावदानं हलवत असताना,
लिव्हिओ त्रिएस्तहून ड्रम-मशीन घेऊन आला,
मोटारीच्या सीटखाली, कस्टम चुकवून.
ठेका चुकत नाही. सिगारेट मागत नाही.
सैन्यात जात नाही.

तिहो सुटून आला.
सरावाच्या तळघरात, कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून
एक पूर्ण गाणं ऐकलं.
‘चांगलं वाजतंय,’ म्हणाला. हळू.
खरंच चांगलं वाजत होतं.
तेच वाईट झालं.

तो मालवाहू जहाजावर लागला, इंजिनात.
म्हणे केबिनच्या गोल खिडकीला
ते कव्हर टेकवून ठेवायचा,
आतलं पाकीट काढून,
म्हणजे त्याच्या आकारातून खरं पाणी दिसे.
मी पाहिलेलं नाही.
लिव्हिओ सांगतो, आणि लिव्हिओला
गाण्यात काय शोभेल ते
घडण्याआधीच सुचतं.

परवा आंजेल्काकडे गेलो. नव्वदीला टेकलीय.
दुसऱ्या कव्हरची नवी आवृत्ती घेऊन,
जाड पुठ्ठा, किंमत विचारू नका.
तिनं डोळ्यांजवळ नेलं. स्वतःला नाही बघितलं.
दोरीवरल्या सदऱ्यावर बोट ठेवलं.
‘निळा होता. तिहोचा.
तुम्ही रंगाचे पैसे वाचवलेत,
म्हणून कुणाला कळलं नाही.’