कुंपणावरचा कावळा

आमच्याकडे म्हणतात, कावळा शिवला.
शिवल्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक:
चार दिवस, कोपरा, वेगळं तांब्याभांडं.
आमच्या घरात आईने ते मोडून काढलं.
पण शिवण्याआधी आठ दिवस
तो कुंपणावर येऊन बसतो
आणि नुसता बघतो,
त्याला शब्द नाही आमच्याकडे.

डंडीत मला कुंपण नाही. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आहे,
खाली पर्थ रोड, पलीकडे टे नदीचं राखाडी पाणी,
पाण्यात जुन्या पुलाचे बुंधे.
पूल वादळात गेला,
बुंधे अजून उभे, नव्या पुलाला खेटून.
सीगल भांडतात चिप्सच्या कागदावरून.
तरी येतो तो,
विसाव्या-एकविसाव्या दिवशी,
व्हिसा नाही, सामान नाही.

त्या मंगळवारी धातूंच्या थकव्याचा पेपर होता.
लोखंड दर वेळी एका घावाने तुटत नाही.
लहानसा भार, तोच, पुन्हा पुन्हा,
आणि आत कुठेतरी केसाएवढी भेग.
नवव्या दिवशी विचारलं असतं
तर दोन पानं लिहिली असती मी यावर.
मंगळवारी तेविसावा होता.
समीकरण ओळखीचं वाटलं,
लग्नात भेटलेल्या माणसासारखं, नाव काही आठवेना.
शेजारच्या मुलाचं पेन टिकटिकत होतं
आणि मला त्याचा हात मोडावासा वाटला.
मग त्या वाटण्याची लाज.
मग लाजेचं रडू.
मग पर्यवेक्षक बाईंनी आणून दिलेला टिश्यू,
त्यावर छापील जांभळी फुलं.
बेचाळीस मार्क.

आधीचे एकाहत्तर, अडुसष्ट, एकाहत्तर.
डॉक्टर ऑक्टरलोनी म्हणाले,
तू मधेच जातेस कुठे?
चांगला माणूस. खरंच विचारत होता.

फॉर्म आहे. इथे सगळ्याला फॉर्म आहे.
प्रश्न चौथा: कारण अनपेक्षित होतं का?
मी लिहिलं, नाही.
तेराव्या वर्षापासून अपेक्षित.
खिडकीमागच्या बाईच्या बिल्ल्यावर शोना लेकी,
आडनाव आहे ते.
तिने वाचलं, पेनचं टोपण दोनदा लावलं, काढलं.
असं लिहिलंस तर अर्ज नापास होईल गं.
ती गं म्हणाली नाही,
पण म्हणाल्यासारखी म्हणाली.
आणि मग, खालच्या आवाजात:
माझ्या मुलीचंही असंच.
एवढंच. पुढचा नंबर.

डॉक्टरांनी दोन महिने नोंद ठेवायला सांगितली,
रोज रात्री, शून्य ते सहा:
चिडचिड, झोप, लक्ष लागणं,
आणि एक रकाना, ज्याचं मराठी
मी मुद्दामच केलं नाही.
ग्राफ पेपरवर मांडलं, हाताची सवय.
आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर भार.
दोन डोंगर उठले, एकाच साच्यातले.
शेजारच्या खोलीतली एनगोझी डोकावून म्हणाली,
कुठल्या मशीनचं रीडिंग?

आईला फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा, मग बराच वेळ काही नाही.
मग फोन.
मी तुझ्या बाबांवर पोळपाट फेकला होता, आठवतं?
आठवत होतं. भिंतीला पडलेला खळगाही.
तेव्हा कॅलेंडर बघायला हवं होतं, ती म्हणाली.
मागे कुकर. तिने गॅस बंद केला असावा.
बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडलं ना मी,
अण्णा म्हणाले, हिचं डोकं चालत नाही.
तीन आठवडे चालायचं गं.

फेरपरीक्षा चौदा ऑगस्टला.
बोटांवर मोजलं, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर.
बाविसावा.
फॉर्म पुन्हा समोर आहे.
पुरावा जोडा, तिथे ग्राफ जोडला.
प्रश्न चौथ्याला दोन ओळींची जागा आहे,
ती भरली,
आता मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे.