दोन पाकिटं निळा

क्लबाच्या नव्या सचिवांना मरून रंग आवडत नाही.
जुलैपासून नेव्ही ब्ल्यू, असं पत्रक निघालं,
खाली दुकानाचं नाव, दिल्लीचं,
आणि ब्रीचेसची किंमत,
जी मी दोनदा वाचली,
एकदा चष्मा लावून.

केतकीची मरून ब्रीचेस अजून धड आहे.
कर्नल भदौरियांच्या नातीची होती ती.
तिची उंची वाढली, आमचं नशीब.

दौलतगंजात एक जुना रंगारी आहे, वाजिद.
त्यानं कापड चिमटीत धरलं, ताणलं, सोडलं,
ते परत जागेवर आलं तसा हसला.
"लाल पे नीला नहीं चढ़ता, बहनजी.
चढ़ेगा तो बैंगन बनेगा. काला कर लो."
काळा पत्रकात नव्हता.
मी दोन पाकिटं निळा घेतला, सत्तर रुपये,
आणि वाटेत मूठभर खडेमीठ.

रविवारी दुपारी, हे झोपल्यावर, पातेलं काढलं,
दिवाळीचा चिवडा ढवळते ते नव्हे,
त्याच्या खालचं, कान तुटलेलं.
पाण्याला आधण आलं तसा सगळा घोडा वर आला:
घाम, लीद, चामड्याचं तेल,
ओल्या गवताचा आंबूसपणा,
दोन वर्षं धुऊन न गेलेलं सगळं
घटकेत स्वयंपाकघरभर.
हे उठून आले, म्हणाले, काय शिजतंय?
म्हटलं, तुमच्या लेकीचा गणवेश.
धुण्याच्या काठीनंच ढवळत होते मी,
तरी त्यांनी रात्री प्रत्येक पोळी
हुंगून खाल्ली.

रंग चढला. वांग्याचा.
उन्हात धरलं तर जांभूळ,
सावलीत धरलं आणि मन मोठं केलं
तर नेव्ही.
दोऱ्याला मात्र काही झालं नाही.
शिवण न् शिवण मरूनच राहिली,
पॉलिएस्टरचा दोरा रंग पीत नाही म्हणे.
आणि बुडाची ती सुएडची मोठी ठिगळं, ती तर
उलट उजळून निघाली, जास्वंदीसारखी.

(सोमवारी बँकेच्या काउंटरवर
माझी नखं पाहून एक आजोबा म्हणाले,
आज कसलं मतदान?)

केतकीनं घालून पाहिली. आरशाकडे पाठ केली,
मान वळवून बघितलं, बराच वेळ.
तेराव्या वर्षी मुली काय काय गिळतात
ते नुसतं गळ्याकडे पाहिलं तरी कळतं.
मग म्हणाली,
"बसल्यावर दिसत नाही, आई."

खरंच. घोड्यावर बसलं की दिसत नाही.
मुरारच्या त्या मैदानात सकाळी सहाला
नऊ मुलं, नऊ घोडे, सगळे नेव्ही.
लांबून.
मिश्रीच्या पांढऱ्या कुशीवर तेवढे
घामानं दोन निळे ओघळ उतरले,
आणि रामदीन खरारा झटकत ओरडला,
"घोड़ी की तो होली हो गई!"
सगळे हसले. केतकीही.
मीही, कुंपणाबाहेरून.

सात वाजता बाकीची मुलं उतरली.
लिंबूपाणी, मोबाइल, कुणाचा तरी वाढदिवस.
केतकी उतरली नाही.
अजून एक फेरी घेते, म्हणाली सरांना.
मग अजून एक.
सर खूश. मला म्हणाले,
बघा, केवढी आवड आहे हिला!

मी मान हलवली.
ऊन चढत होतं. मिश्री संथ चालत होती, लगाम सैल,
आणि वर माझी मुलगी, पाठ ताठ, टाचा खाली,
नजर घोडीच्या दोन कानांमधून पुढे,
शिकवलं होतं अगदी तशी,
वाट बघत होती
सगळे घरी जायची.

स्कूटर फाटकाशी लावलेली होती.
मी उठले,
आणि ती ढकलत ढकलत
पार तबेल्याच्या दारापर्यंत आणली.