न खाल्लेलं मीठ

जन्माच्या वेळचं वजन?
एनुगूच्या या इस्पितळात प्रत्येक फॉर्मवर ती चौकट असते,
प्रत्येक वेळी मी ती रिकामी सोडतो.
आज दाराशी बसलेल्या आईनंच उत्तर दिलं,
मांडीवरचा थर्मास सावरत:
"तराजू होता कुठे? तराजू आम्ही विकून खाल्ला.
ह्याच्या बापाची एक चप्पल उरली होती,
तेवढा होता हा."

डिसेंबर एकोणसत्तर. ओर्लूच्या अलीकडे, रबराच्या झाडांखाली.
रात्री दिवे विझवून विमानं उतरायची.
सुका मासा, दुधाची पावडर.
मीठ कधी यायचं, कधी नाही.
चमचाभर मिठाला एक नेसूचं वस्त्र.
आईनं दोन दिली.
तिसरं अंगावर होतं.

डॉक्टर न्वाकाएगो कागदावर मूत्रपिंड काढतात,
त्यात पेनानं टिंबं, टिंबं, टिंबं.
ह्या गाळण्या, म्हणतात. लाखांनी असतात,
पण बहुतेक सगळ्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत होतात.
बाहेर आल्यावर नवी एकही नाही.
कमी मिळाल्या, तर असलेल्यांना दुप्पट पाळी,
मग त्या दमतात, एकेक करून मिटतात.

तीस वर्षं मी गणित शिकवलं.
भाज्य तेवढंच, भाजक लहान.
फळ्यावर लिहायचीही गरज नाही.

आईला इंग्रजी कळत नाही असं आम्ही धरून चालतो.
"म्हणजे मी कमी दिलं," ती म्हणाली.
"नाही, आई. युद्धानं."
पण युद्ध काही त्या बाकावर बसलेलं नव्हतं.
ती बसलेली होती.

यंत्र घरघरतं. आठवड्याला तीनदा लिहून दिलंय,
मला एकदा परवडतं.
नळीतून माझंच रक्त माझ्यासमोरून जातं,
परत येतं, थोडं गार होऊन.

सहा वर्षं झाली, ताटातलं मीठ बंद आहे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
माझं शरीर जागतंय
तिनं न खाल्लेल्या मिठाला.

घरी कपाटात तिचे मिठाचे नऊ पुडे आहेत, न फोडलेले.
एक कमी झाला की ती बाजारात जाते, पाऊस असो, संप असो.
मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय?

संध्याकाळी कडू पाल्याचं सूप करते, माझ्यासाठी वेगळं, अळणी.
आज तिनं आधी स्वतः एक घोट घेतला.
बराच वेळ तोंडात धरला.
"ओक्वुदिली," म्हणाली,
"तेव्हाही अगदी असंच लागायचं."
आणि वाटी माझ्याकडे सरकवली.